यकृताला वळसा घालून जाणारं रक्त: वारंवार भ्रम होणाऱ्या रुग्णात शंट बंद करावा का?

ताई, इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागावा म्हणून तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. दिग्रस तालुक्यातल्या खेड्यात राहणारे तुमचे बाबा, वय ५६. दारूनं यकृत खराब झालं, सिरॉसिस निघाला, पण दोन वर्षांपासून दारू पूर्ण बंद आहे. तरीही गेल्या नऊ महिन्यांत चारदा भरती करावं लागलं. कधी बरळणं, कधी आपलंच घर न ओळखणं, एकदा तर पूर्ण बेशुद्धी. लॅक्टुलोज आणि रिफॅक्सिमिन ही भ्रम टाळायची औषधं चालू आहेत. नागपूरला सीटी स्कॅन झाला. त्यात प्लीहेकडून डाव्या मूत्रपिंडाच्या शिरेत उतरणारी १४ मिलिमीटर जाडीची वेडीवाकडी शीर दिसली. तिलाच तिथल्या डॉक्टरांनी स्प्लेनोरीनल शंट म्हटलं आणि ती पोट न फाडता, जांघेतल्या शिरेतून बंद करायचं सुचवलं. बिलिरुबिन (काविळीचा आकडा) १.६, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा) १.३, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचा आकडा) ०.९. पोटात थोडं पाणी, अन्ननलिकेत मध्यम आकाराच्या फुगलेल्या शिरा. तुम्ही विचारलंत, दुखणं डोक्याचं असताना पोटातली शीर का बंद करायची, त्यात धोका किती, आणि करावं की थांबावं. आईचं म्हणणंही तुम्ही लिहिलंत, "त्याईले बाहेरचं काई तरी लागलं, पयले ते पाहा."

माझं मत आधी सांगतो. तुम्ही दिलेले आकडे खरे धरले तर बंद करून घ्यावं. पण दोन गोष्टी आधी व्हायला हव्यात. अन्ननलिकेतल्या शिरांचं बँडिंग, म्हणजे दुर्बिणीतून रबराच्या कड्या लावून त्या बंद करणं, आणि औषध रोज ठरल्याप्रमाणे पोटात जातंय याची पक्की खात्री. दोन्हींची कारणं पुढे येतील.

आपण जे खातो त्यातून, आणि आतड्यातल्या जंतूंमुळेही, अमोनिया तयार होतो. आतड्यातलं सगळं रक्त एका मोठ्या शिरेतून, पोर्टल शिरेतून, यकृतात जातं. यकृत त्या अमोनियाचं युरिया करतं आणि तो लघवीतून निघून जातो. सिरॉसिसमध्ये यकृत कडक होतं, रक्ताला आत शिरायला जोर पडतो, पोर्टल शिरेत दाब वाढतो. मग रक्त दुसऱ्या वाटा शोधतं. तुमच्याजवळ अरुणावती धरण आहे, त्याला सांडवा असतो. पाणी वाढलं की सांडव्यावरून निघून जातं म्हणून भिंत टिकते. तसाच हा शंट म्हणजे शरीरानं काढलेला सांडवा. फरक एवढाच की या सांडव्यावरून जाणारं पाणी गाळलेलं नसतं. आतड्यातलं अमोनियावालं रक्त यकृताला वळसा घालून थेट मुख्य शिरेत, तिथून हृदयात आणि मेंदूत पोचतं. मेंदूतल्या ताऱ्याच्या आकाराच्या आधारपेशी तो अमोनिया शोषून त्याचं ग्लुटामिन करतात आणि स्वतः फुगतात. माणूस आधी चिडचिडा होतो, दिवसा झोपतो, रात्री जागतो. मग हिशेब चुकतो, हात पुढे धरले की पंजे फडफडतात, बरळणं सुरू होतं आणि शेवटी शुद्ध जाते.

हे दीडशे वर्षांपूर्वीच कळलं होतं. रशियात निकोलाय एक (Eck) नावाच्या डॉक्टरांनी १८७७ मध्ये कुत्र्याच्या पोटात पोर्टल शीर थेट मोठ्या शिरेला जोडली. पुढे १८९३ मध्ये पाव्हलॉव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा कुत्र्यांना मांस खाऊ घातलं. कुत्री बावचळली, झटके आले, बेशुद्ध पडली. यकृत त्यांचं चांगलं होतं, फक्त रक्ताची वाट बदलली होती. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्या कुत्र्यांनी देऊन ठेवलंय. लक्षण डोक्यात दिसतं, बिघाड पोटातल्या वाटेत असतो.

आईंना हे सांगताना त्यांच्या म्हणण्याला हसू नका. दोन दिवस चांगला बोलणारा माणूस तिसऱ्या दिवशी घरच्यांना शिव्या घालतो, कपडे काढतो, चौथ्या दिवशी पुन्हा शहाणा होतो आणि त्याला काहीच आठवत नाही. अशा वेळी आपल्याकडच्या माणसाच्या मनात बाहेरवशाचंच येणार. अगदी पूजा-अंगारा करायचा असेल तर करू द्या, पण त्यापायी दवाखान्यात जायला एक तासही उशीर नको आणि पोटात कुठला काढा नको. मी हे शेकडो घरांना असंच सांगत आलोय आणि बहुतेक आया ते ऐकतात.

आता एक गोष्ट सांगतो, जी मला अजून छळते. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत एक निवृत्त शिक्षक दाखवायला यायचे. वर्षभरात सहा वेळा भरती. बिलिरुबिन जवळपास नॉर्मल, पोटात पाणी नाही, चेहरा तजेलदार. दर वेळी मी घरच्यांना रागवायचो, औषध नीट देत नाही म्हणून. त्यांची बायको रडत सांगायची, साहेब, बाटली मी स्वतः मोजते. सहाव्या वेळी एका रेडिओलॉजिस्ट सहकाऱ्यानं त्यांचा वर्षभर जुना सीटी पाहिला आणि बोट ठेवून दाखवलं. अंगठ्याएवढी जाड शीर त्या फिल्मवर पहिल्या दिवसापासून होती. रिपोर्टमध्ये ती एका ओळीत लिहिलेलीही होती. मी फक्त यकृताचा परिच्छेद वाचला होता. त्या बाईंची मी माफी मागितली. तेव्हापासून माझा नियम असा की ज्या रुग्णाचं यकृत बऱ्यापैकी चालतंय पण डोकं पुन्हा पुन्हा बिघडतंय, त्याचा सीटी मी स्वतः उघडून पाहतो, आणि शोधतो तो शंटच.

हा विरोधाभासच यातली खूण आहे. यकृत पूर्ण बसलेल्या माणसाला भ्रम होतो त्यात नवल नाही. पण कावीळ नाही, पाणी फारसं नाही, आणि तरी दर दोन महिन्यांनी गुंगी येत असेल तर रक्त कुठून तरी वळसा घालतंय असं धरून चालावं. काही जणांत चाल अडखळते, हात थरथरतो, चेहरा कोरा पडतो. त्यांना कंपवाताच्या गोळ्या सुरू झालेल्या मी पाहिल्यात. काहींना मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवलेलं असतं. कधी कधी पाय ताठ होत जातात, आणि हा प्रकार एकदा मुरला की शंट बंद करूनही पूर्ण परतत नाही, म्हणून तिथं वेळ घालवू नये.

शंट असणं मात्र दुर्मीळ नाही. सिरॉसिसच्या १७२९ रुग्णांचे सीटी तपासलेल्या, २०१८ मध्ये छापून आलेल्या एका मोठ्या अभ्यासात ६० टक्के लोकांत कुठला ना कुठला शंट होता, आणि २८ टक्क्यांत तो ८ मिलिमीटरहून मोठा. मोठा शंट असलेल्यांपैकी ४८ टक्क्यांना कधी ना कधी भ्रम झालेला, लहान शंटवाल्यांपैकी ३४, आणि शंट नसलेल्यांपैकी २० टक्क्यांना. हे आकडे दोन्ही बाजूंनी वाचा. शंट मोठा असूनही निम्म्याहून जास्त लोकांना भ्रम झाला नव्हता. म्हणजे सीटीवर शंट दिसला की लगेच बंद करायला धावणं चूक. आणि शंट नसलेल्यांतही पाचातल्या एकाला भ्रम झालाच. त्याची कारणं वेगळी, आणि ती घरात, शेतात, बाटलीत सापडतात.

त्या कारणांवर मी जरा रेंगाळतो, कारण आपल्या भागात खरी लढाई तिथंच असते. बद्धकोष्ठ, पोटातल्या पाण्याला किंवा लघवीला झालेला जंतुसंसर्ग, काळी शी म्हणजे आतून रक्तस्राव, लघवीच्या गोळ्या जास्त होणं, पोटॅशियम उतरणं, झोपेची गोळी, अंगदुखीसाठी गावातून घेतलेलं इंजेक्शन. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, माणूस शेतावरून सुकून येतो आणि वरून लघवीची गोळी घेतो. दोन दिवसांत तो गुंगीत. दर उन्हाळ्यात मी हे बघतो. अशा वेळी लघवीच्या गोळीचं काय करायचं ते डॉक्टरला फोन करून विचारावं, आपल्या मनानं चालू ठेवू नये.

लॅक्टुलोजचं तर वेगळंच आहे. गोड सिरप, त्यानं दिवसातून दोन-तीन वेळा मऊ शी व्हायला हवी. त्यामुळे आतड्यातला अमोनिया बाहेर पडतो आणि आतडं आम्लधर्मी होऊन तो शोषला जात नाही. दिल्लीच्या जी. बी. पंत रुग्णालयातल्या २००९ च्या अभ्यासात एकदा भ्रम होऊन बरे झालेल्या रुग्णांपैकी लॅक्टुलोज घेणाऱ्यांत साधारण २० टक्क्यांना पुन्हा भ्रम झाला, न घेणाऱ्यांत ४७ टक्क्यांना. इतकं साधं औषध, इतका फरक. पण आठवडी बाजाराला जायचं, लग्नाला जायचं, एसटीत तीन तास बसायचं, शौचालय कुठं मिळेल माहीत नाही, म्हणून माणूस त्या दिवशी बाटलीला हात लावत नाही. लाजेपोटी तो हे डॉक्टरलाही सांगत नाही. डॉक्टर विचारतो "औषध घेता का?" आणि तो म्हणतो "घेतो ना जी." म्हणून मी औषधाबद्दल विचारतच नाही, शी किती वेळा झाली ते विचारतो. बाहेर जायच्या दिवशी डोस टाळू नका, त्याची वेळ बदला. आदल्या संध्याकाळी नेहमीचा घ्या, सकाळचा परत आल्यावर घ्या. आणि उलटंही लक्षात ठेवा. पाच-सहा वेळा पाण्यासारखे जुलाब झाले तर तेही घातक, कारण अंगातलं पाणी आणि क्षार गेले की त्यानंच भ्रम होतो. तेव्हा डोस कमी करायचा, बंद नाही करायचा.

रिफॅक्सिमिन ५५० मिलिग्रॅम दोनदा, हे लॅक्टुलोजच्या जोडीनं घ्यायचं औषध आहे. २०१० मध्ये छापून आलेल्या २९९ रुग्णांच्या चाचणीत सहा महिन्यांत पुन्हा भ्रम होण्याचं प्रमाण त्यानं ४५.९ वरून २२.१ टक्क्यांवर आलं. महाग असल्यामुळे पंधरा दिवस घ्यायचं, पंधरा दिवस सोडायचं असं घरोघरी चालतं. तसं घेऊन "औषधाला दाद देत नाही" असा शिक्का मारता येत नाही.

तुमच्या आईंनी वही ठेवली आहे हे वाचून मला फार बरं वाटलं. तुम्ही लिहिता की पहिल्या दोन भरतींच्या आधी एकदा लग्नामुळे औषध चुकलं होतं आणि एकदा हगवण लागली होती. पण नंतरच्या दोन वेळी वहीत रोज दोन-तीन शी नोंदवलेल्या आहेत, रिफॅक्सिमिनच्या पट्ट्या संपल्याच्या तारखा आहेत, रक्तात-लघवीत जंतुसंसर्ग नव्हता, आणि तरी बाबा गुंगीत गेले. माझ्या मताचा अर्धा भार त्या वहीवर आहे. नागपूरच्या डॉक्टरांना रिपोर्टच्या आधी ती वही दाखवा.

आता प्रत्यक्ष काय करतात ते. हे काम इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट करतात, कॅथ लॅबमध्ये, जिथं हृदयाची अँजिओग्राफी होते तशाच खोलीत. सहसा जागा बधिर करून, गरजेपुरती गुंगी देऊन. या रुग्णांना गुंगीची औषधं शक्य तितकी कमी द्यावी लागतात. जांघेतल्या किंवा मानेतल्या शिरेत सुई, त्यातून बारीक नळी. ती मोठ्या शिरेतून वर सरकवून डाव्या मूत्रपिंडाच्या शिरेत, तिथून शंटच्या तोंडात नेतात. रंग सोडून एक्सरेवर शंटचा पूर्ण नकाशा काढतात. मग बंद करायच्या पद्धती निरनिराळ्या. जुनी पद्धत फुग्याची. शंटचं तोंड फुगा फुगवून अडवायचं आणि मागे शीर चिकटवणारं औषध भरायचं. जपानमध्ये कानागावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये ती जठरातल्या शिरांच्या रक्तस्रावासाठी मांडली. तिच्यात फुगा बराच वेळ तसाच ठेवावा लागतो आणि तो फुटला तर औषध फुप्फुसात जायची भीती असते. कोरियातून २०१३ मध्ये पुढे आलेल्या पद्धतीत फुग्याऐवजी निकेल-टायटॅनियमच्या जाळीचा छोटा प्लग शंटच्या अरुंद जागी कायमचा बसवतात आणि त्यामागे जिलेटिनचे तुकडे भरतात. काही ठिकाणी प्लगऐवजी धातूच्या कॉइल. तुमच्या बाबांचा शंट १४ मिलिमीटर, त्यामुळे प्लग बसेल अशी अरुंद जागा त्यात आहे का हे सीटीवरच पाहून ठरवतात. पोटावर टाका नाही, जांघेत एक छिद्र. काही तासांचं काम, काही तास पाय सरळ ठेवून पडून राहणं, आणि सगळं ठीक असेल तर थोड्या दिवसांत घरी. सीटीचा आणि या वेळचा रंग मूत्रपिंडाला जड जाऊ शकतो, म्हणून आधी क्रिएटिनिन, पुरेसं पाणी आणि लघवीच्या गोळ्यांचा विचार आलाच.

छिद्र लहान आहे म्हणून परिणाम लहान असतो असं मात्र समजू नका. पुन्हा सांडव्याकडे या. सांडवा बुजवला की पाणी भिंतीवर दाब टाकणार. शंट बंद केला की पोर्टल शिरेतला दाब वाढतो. त्यातलं काही रक्त यकृतात परत वळतं, ते आपल्याला हवंच असतं. त्यानं काही जणांचं यकृत सुधारतंसुद्धा. पण उरलेला दाब अन्ननलिकेतल्या शिरांवर येतो, त्या आणखी फुगतात, फुटू शकतात. पोटात पाणी वाढू शकतं. पोर्टल शिरेत गुठळी होऊ शकते. म्हणून मी आधीच म्हणालो, बाबांच्या मध्यम शिरांचं दुर्बिणीतून बँडिंग करून घ्यावं, बंद झाल्या हे पाहावं, मग शंटला हात लावावा. हृदयाचे ठोके कमी करणारी जी गोळी अशा शिरांसाठी देतात तीही चालू आहे का ते विचारा. शंट बंद केल्यानंतर काही आठवड्यांत पुन्हा दुर्बीण आणि पुन्हा सोनोग्राफी किंवा सीटी, हे ठरलेलं हवं. यातलं काही न सांगता "छोटंसं काम आहे, करून टाकू" असं कोणी म्हणत असेल तर दुसरं मत घ्या.

सगळ्यात मोठा प्रश्न यकृतात वाढीव रक्त आणि दाब पेलण्याची ताकद उरली आहे का हा. त्यासाठी मेल्ड नावाचा आकडा काढतात, बिलिरुबिन, आयएनआर आणि क्रिएटिनिन यांवरून. तो ६ पासून ४० पर्यंत जातो, जितका जास्त तितकं यकृत खालावलेलं. तुमच्या आकड्यांवरून बाबांचा साधा मेल्ड ११ येतो. युरोपातल्या अनेक केंद्रांनी मिळून २०१३ मध्ये अशा ३७ रुग्णांचा अनुभव छापला. सगळ्यांचा भ्रम औषधांना न जुमानणारा, प्रत्येकाच्या पोटात मोठा शंट, आणि तो प्रत्येकाचा बंद केलेला. पहिल्या १०० दिवसांत त्यातल्या २२ जणांना भ्रम झाला नाही. पुढे सरासरी जवळपास दोन वर्षं पाहिलं तर १८ जण पूर्ण भ्रममुक्त राहिले. आणि ज्यांचा मेल्ड ११ च्या वर होता त्यांच्यात पुन्हा भ्रम व्हायची शक्यता जास्त दिसली. बाबा त्या रेषेवर उभे आहेत. म्हणून मी म्हणतो, सहा महिने वाट बघू नका. आज जे करता येण्यासारखं आहे ते आणखी दोन भरतींनंतर, बिलिरुबिन ३ वर गेल्यावर, कदाचित धोक्याचं ठरेल.

तुम्हाला मी खोटी आशा देणार नाही. हिशेब साधारण निम्म्यानिम्म्याचा आहे. ज्यांना गुण येतो त्यांचं जगणं बदलतं, घरच्यांचं तर अधिकच. ते शिक्षक शंट बंद झाल्यावर आठवड्याभरात वर्तमानपत्र वाचायला लागले. नंतरची साडेतीन वर्षं एकदाही भ्रमासाठी भरती झाले नाहीत. पण दुसरी एक बाई, गोंदियाकडची, तिचा शंटही असाच बंद केला, दोन महिने उत्तम गेले, मग पोटात पाणी इतकं वाढलं की दर पंधरा दिवसांनी काढावं लागायचं. तिचं यकृत मुळात जास्त खालावलेलं होतं. आज ती माझ्यासमोर आली असती तर मी तिचा शंट बंद करू नका म्हटलं असतं. शंट बंद केला तरी सिरॉसिस जात नाही आणि शरीर कालांतरानं नवे सांडवे काढू शकतं. म्हणून लॅक्टुलोज लगेच फेकून द्यायचं नाही, आणि यकृत प्रत्यारोपणाबद्दलची चर्चाही याच भेटीत सुरू करा. शंट बंद करणं आणि प्रत्यारोपणाच्या यादीचा विचार ही एकमेकांच्या आड येणारी गोष्ट नाही.

शेजारच्या कोणाला टिप्स केलं आणि त्यानंतर तो भ्रमिष्ट झाला, असंही तुम्ही लिहिलंय. ते याच्या नेमकं उलट. तिथं रक्तस्राव किंवा पाणी थांबवायला डॉक्टर यकृताच्या आत मुद्दाम एक वाट काढतात, आणि त्या वाटेनंही काही जणांना भ्रम होतो. तो औषधांनी न आटोपला तर तीच वाट आतून अरुंद करता येते. गंमत म्हणजे, मेल्डचा आकडा मुळात टिप्सनंतर कोण जगेल याचा अंदाज घ्यायलाच तयार केला गेला होता.

तोवर घरात. बाबांचं वरण बंद केलंय असं तुम्ही लिहिलंत, ते आजच सुरू करा. प्रथिनं बंद केली की भ्रम टळतो ही समजूत डॉक्टरांमध्येही खोल रुजलेली होती आणि तिनं खूप नुकसान केलं. बार्सिलोनात २००४ मध्ये भ्रम झालेल्या रुग्णांना दोन गटांत वाटून पाहिलं, प्रथिनं कमी केलेल्यांना काहीही फायदा झाला नाही. उपाशी ठेवलं तर शरीर स्वतःचे स्नायू मोडून खातं, आणि स्नायू तर यकृताच्या खालोखाल अमोनिया जिरवणारी जागा. दर किलो वजनामागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं हवीत. ५५ किलोच्या माणसाला ६६ ते ८२ ग्रॅम. तुरीचं-मुगाचं घट्ट वरण, झुणका, दही, दूध, चालत असेल तर अंडं, दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं. रात्री झोपताना दूध-पोळी किंवा मुठभर फुटाणे आणि दूध जरूर द्या, म्हणजे रात्रभर स्नायू मोडत नाहीत. पाण्यामुळे मीठ कमी, म्हणून ठेचा, लोणचं, पापड बंद.

रोज सकाळी वहीत एक सही घ्या. दोन दिवसांत अक्षर बिघडलेलं दिसलं की सावध व्हा. दुसरं, एका मिनिटात किती प्राण्यांची नावं सांगतात ते मोजा. ही डॉक्टरांचीही तपासणी आहे, आणि आपल्या शेतकऱ्याला ती शाळेतल्या गणितापेक्षा सोपी जाते. बैल, गोऱ्हा, म्हैस, बोकड, रानडुक्कर, रोही असं पंधरा-वीसपर्यंत सहज जातात. बाबा नेहमी अठरा सांगत असतील आणि एका सकाळी आठवर अडकले तर त्या दिवशीच डॉक्टरला फोन करा. विहिरीवर एकटं पाठवू नका, मोटारपंपाच्या स्टार्टरला हात नको, मोटारसायकल अजिबात नाही. फवारणी तर नकोच. २०१७ मध्ये तुमच्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषानं शेतकरी दगावले, हे तुम्हाला मी सांगायला नको. फवारणीच्या दिवसांत गुंगी आली तर ती यकृताची की विषाची हेच आधी ठरवावं लागतं. बाबांना गुंगी आली की तोंडानं काही ओतू नका, कुशीवर झोपवा आणि १०८ ला फोन करा. काळी शी, ताप किंवा पोटदुखी असेल तर तेही त्यांना सांगा.

नागपूरला जाण्याआधी आरोग्यमित्राला गाठा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत किंवा आयुष्मान कार्डावर यातलं काय बसतं, आणि प्लगची किंमत त्यात धरली आहे का, हे त्या रुग्णालयातूनच कागदावर लिहून घ्या. प्लग आणि कॉइल किती लागतील त्यावर खर्च बराच खालीवर होतो, म्हणून अंदाज तोंडी नको. शंट बंद करायचं काम त्या विभागात किती वेळा झालंय हे सरळ विचारा. चांगला डॉक्टर त्या प्रश्नानं रागवत नाही. रात्री काही झालं तर तिथं कोण असतं, रक्त चढवायची सोय आहे का, तातडीची दुर्बीण होते का, हेही विचारा.

सोबत सीटीची सीडी न्या, नुसता छापील रिपोर्ट नको. शंटची जाडी आणि वळणं त्यांना स्वतः पाहायची असतात. पोर्टल शिरेत गुठळी नाही आणि यकृतात गाठ नाही हे त्याच सीटीवरून त्यांच्याकडून वदवून घ्या. अमोनियाचा एकटा आकडा फार मनावर घेऊ नका, नमुना बर्फात लगेच प्रयोगशाळेत गेला नाही तर तो खोटा वाढतो. बाबा शुद्धीत असतानाच जा, म्हणजे होकार तेच देतील. आईंना नक्की सोबत न्या. बाबांचं काय होतं हे शब्दांत त्यांच्याइतकं कोणालाच सांगता येणार नाही, आणि वही त्यांच्या हातात असू द्या.